सिव्हिल शर्ट

२६ जानेवारीच्या आदल्या आठवड्यात एक तरुण बातमीदार मुलगी घरी आली होती. या दिवसांत दरवर्षी कुणी ना कुणी येतंच. मुलगी चांगली होती. चपला बाहेर काढून आत आली, चहा घेतला, वही मांडीवर ठेवून बराच वेळ नुसतं ऐकत बसली. मग जरा संकोचून म्हणाली, "सरांच्या आठवणीची एखादी वस्तू दाखवाल का? फोटोसाठी." मी शोकेसकडे न जाता आतल्या खोलीत गेले आणि पलंगावरची गोधडी घेऊन आले. तिनं ती हातात घेतली, कॉटवर पसरली, एका कोपऱ्याचे टाके बोटांनी चाचपून पाहिले. आणि विचारलं, "यात युनिफॉर्मचं कापड कुठलंय?" मी म्हटलं, "नाहीये. सगळे घरचे शर्ट आहेत." ती "अच्छा" म्हणाली. मग फोटो निघाला तो हार घातलेल्या तसबिरीशेजारी, मेडलं हातात धरून. गोधडी कॉटवर तशीच राहिली.

तिचा काही दोष नाही. तिला बातमी द्यायची होती आणि बातमीत जवान दिसायला हवा होता. पण तिचा प्रश्न मागे राहिला. भांडी घासताना, शाळेत हजेरी घेताना मधूनच आठवायचा. युनिफॉर्मचं कापड कुठलंय?

खरं सांगायचं तर वर्दीतले हे माझ्या वाट्याला फारसे आलेच नाहीत. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक सुट्टी आणि ३० दिवसांची कॅज्युअल. तीही हवी तेव्हा आणि सलग मिळेलच असं नाही. म्हणजे संसार झाला तो त्या सुट्ट्यांमध्ये, आणि सुट्टीतला माणूस सिव्हिलमध्ये, म्हणजे साध्या कपड्यांत असतो. जम्मूहून झेलम एक्स्प्रेसनं पुण्यापर्यंत, तिथून एसटीनं साताऱ्याला आणि मग मिळेल त्या गाडीनं गावात. फाट्यावर उतरायचे तेव्हा अंगात चुरगळलेला चेक्सचा शर्ट आणि खांद्यावर सॅक. घरात आले की आधी सासूबाईंच्या पाया पडायचे, मग मोरीत जाऊन डोक्यावरून बादली ओतून घ्यायचे आणि कपाटातला सगळ्यात जुना शर्ट घालून थेट मळ्यात. गावातल्या टेलरला ते प्रत्येक शर्टाला दोन खिसे लावायला सांगायचे. टेलर म्हणायचा, आता कोण दोन खिसे लावतं? हे म्हणायचे, फौजेच्या शर्टाला दोन असतात, हाताला सवय झालीय, एकच असला की काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटतं. डाव्या खिशात पेन आणि चष्मा, उजव्यात एसटीची तिकिटं, मोटारीच्या दुरुस्तीची पावती, मुलासाठी आणलेली गोळी. धुवायला टाकायच्या आधी खिसे तपासणं हे माझं काम. सुट्टी संपून ते गेल्यावरही एखाद्या खिशात घडी घातलेला कागद सापडायचा, त्यावर युरियाच्या पोत्यांचा हिशेब.

वर्दी मी रोज पाहिली ती एकदाच, पीस पोस्टिंगला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी नेमणूक झाली आणि फॅमिली क्वार्टर मिळालं तेव्हा. पण तिला हात लावायची परवानगी नव्हती. इस्त्री स्वतः करायचे. बाहीवरची घडी सुरीच्या धारेसारखी उभी राहिली पाहिजे. वर्दी चढवली की त्यांचा आवाजही बदलायचा. मी दारात उभी राहून बघायचे, अभिमान वाटायचा, आणि ते सायकलवर टांग टाकून निघून गेले की मुलाला घेऊन आत यायचे. संध्याकाळी परत येऊन बूट काढून बनियनवर बसले की मगच ते मला सापडायचे.

शेवटी आले ते तिरंग्यात आले. केशरी पट्टा डोक्याकडे, तसाच ठेवायचा असतो. साताऱ्यापासून गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, शाळांची पोरं उन्हात हातात झेंडे घेऊन उभी होती, बायका सडा घालून थांबल्या होत्या. ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो अशी माणसं ओक्साबोक्शी रडत होती. "अमर रहे" च्या घोषणांत मला माझं रडणंही ऐकू येत नव्हतं. ते प्रेम खरं होतं आणि मी ते कधी विसरणार नाही. पण पेटीपर्यंत पोचायला मला वाट काढावी लागली, आणि पोचल्यावर हात टेकवायला मिळाला तो लाकडावर. त्या दिवशी ते गावाचे होते, तालुक्याचे होते, देशाचे होते. माझी पाळी शेवटी आली आणि फार थोडा वेळ आली.

नंतर वस्तू येत राहिल्या. घडी घातलेला तिरंगा आला, तो मी पेटीत मलमलच्या कापडात ठेवला आहे. ध्वजसंहितेत लिहिलेलंच आहे की चितेवर तो ठेवायचा नाही, जमिनीला टेकू द्यायचा नाही, पांघरूण म्हणून वापरायचा नाही. तो छातीशी धरावा असं फार वाटतं. एखाद्या रात्री धरतेही, आणि मग जशी होती तशी घडी घालून ठेवते. स्मृतिचिन्हं आली. अॅक्रिलिकची, लाकडाची, पितळी मुलाम्याची. अशोकस्तंभ, बंदूक आणि त्यावर उलटं ठेवलेलं हेल्मेट. एकावर त्यांचं नाव चुकलंय, एकावर हुद्दा. शाली तर किती आल्या. यातलं एकही मी टाकलेलं नाही. प्रत्येकामागे कुणीतरी धावपळ केलेली असते, कुणीतरी वर्गणी काढलेली असते, मंचावर माझं नाव पुकारताना कुणाचा तरी आवाज खरोखर कापलेला असतो. शोकेस मी दर रविवारी पुसते. पण त्या सगळ्यांत बूट आहेत, बंदूक आहे, टोपी आहे. हे नाहीत.

दिल्लीला मुलाला घेऊन गेले होते. राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ला खुलं झालं, त्यानंतरची गोष्ट. अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र अशी एकात एक वर्तुळं आहेत, आणि त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका पाटीवर एकेकाचं नाव, सोनेरी अक्षरांत. २५ हजारांहून जास्त नावं. तिथं रोज संध्याकाळी कुणातरी एका जवानाच्या घरचं माणूस पुष्पचक्र वाहतं. मुलानंच आधी नाव शोधलं आणि हाक मारली, "आई, इकडे." मी हात लावला. दगड दिवसभराच्या उन्हानं तापलेला होता. हुद्दा, नंबर, नाव. वरच्या, खालच्या, शेजारच्या पाट्यांवरची नावंही वाचली. कुणी गढवालचा, कुणी पंजाबचा, कुणी नागालँडचा. वाटलं, एवढ्या मोठ्या पंगतीत बसलेत, एकटे नाहीत. त्या भेटीनं माझं मन फार शांत झालं. परत येताना गाडीत मुलानं विचारलं, "आई, बाबा घोरायचे का गं?" ते गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. भिंतीवरून त्याला हे कळायला मार्गच नव्हता.

आमच्या जिल्ह्याला अशी स्मारकं नवीन नाहीत. अपशिंगे मिलिटरीला जाऊन या. एकट्या पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले आणि इंग्रज सरकारनं तिथं स्मृतिस्तंभ उभारला. त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. वाई तालुक्यातल्या किकलीत भैरवनाथाच्या देवळापाशी तर कितीतरी आहेत. शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट पाहिले. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, तिच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो, आणि टोकाला चंद्रसूर्य. मुलांना समजावून सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की तळापासून टोकापर्यंत त्या माणसाचा एकच दिवस कोरलेला आहे. आधीची सगळी वर्षं, तो गुरांमागे जायचा का, नांगर धरायचा का, त्याला पोरंबाळं होती का, याला दगडात जागा मिळाली नाही. पाथरवटानं इतक्या मायेनं मिशीचा पीळ कोरलाय, पण दिवस तोच. आणि अशाच दगडांमध्ये कुठं कुठं सतीशिळा असते. कोपरात वाकलेला एक हात, पंजा वर केलेला, मनगटात चुडा. बाईच्या वाट्याला तेवढंच. मुलं पुढं गेली तरी मी त्या हातापाशी थांबून राहिले होते.

आत्याबाईंचं सांगायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. त्यांचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत होते, डिसेंबर १९७१मध्ये बांगलादेशच्या युद्धात जमालपूरला पडले. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. त्या काळी मृतदेह घरी येत नसत. कारगिलच्या आधी बहुतेक वेळा रणांगणाजवळच अंत्यसंस्कार व्हायचे आणि घरी यायची ती तार. तार घेऊन आलेल्या पोस्टमननं ती वाचून दाखवायला नकार दिला, मग शाळेतल्या गुरुजींना बोलावलं. काही महिन्यांनी त्यांच्या सामानाची काळी पेटी आली, वर पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव. आत्याबाईंनी पेटी उघडायच्या आत सासरच्यांनी ती उघडली होती. मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, देऊन टाकायचे, हीच रीत. स्वेटर एका चुलत दिराला गेला, शर्ट गड्याला. तो गडी पुढं कितीतरी दिवस तोच शर्ट घालून अंगणात यायचा आणि आत्याबाई भाकरी थापता थापता मान खाली घालायच्या. हातातल्या बांगड्या तर आधीच फोडल्या होत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव केला तो मे २०२२मध्ये. आत्याबाईंची त्या आधीची पन्नास वर्षं मोकळ्या मनगटांनी गेली. पेटी मात्र त्यांच्याकडं राहिली. तिच्यात आजही डाळी असतात. रंग उडालाय, नंबर अर्धा पुसलाय, पण त्यांना तो तोंडपाठ आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देताना त्या न अडखळता सांगतात.

आमच्याकडं त्या वर्षश्राद्धाला आल्या होत्या. पाहुणे पांगल्यावर माझ्या खोलीत आल्या, कपाटासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "त्याचं शर्ट काढ. सिव्हिलचं." मी म्हटलं, कशाला? "वाकळ शिवते." माझ्या अंगावर काटा आला. त्या कपाटाला वर्षभर मी कुणाला हात लावू दिला नव्हता. सासूबाईंनी तेराव्याला कपड्यांचा विषय काढला होता, तेव्हा मी दाराला पाठ लावून उभी राहिले होते. रात्री मुलगा झोपला की मी ते दार उघडायचे आणि शर्टांच्या रांगेत तोंड खुपसून उभी राहायचे. दाढीचा साबण, घाम, मळ्यातली धूळ, थोडं डिझेल. पण एक पावसाळा गेल्यावर तो वास उणावला होता आणि डांबरगोळ्यांचा वाढला होता. हे मी कुणाला बोलले नव्हते. आत्याबाईंनी एक बाही नाकाशी नेली, हुंगली आणि शांतपणे म्हणाल्या, "गेला की वास. आता नुसतं कापड ऱ्हायलंय, पोरी. पडून ऱ्हायलं तर कसर लागंल."

मी शर्ट दिले, पण राग गिळून दिले. वर्दीही काढली होती, पेटीबरोबर आलेली. म्हटलं, देतेय तर सगळंच जाऊ दे. तिला त्यांनी हात लावला नाही. "तिला कातर नको," एवढंच म्हणाल्या. मग ओसरीवर बसून त्यांनी कात्री चालवायला घेतली. पहिला निळ्या चेक्सचा शर्ट, मुलाच्या बारशाला शिवलेला. शिवणीपाशी कात्री अडायची, मग त्या दातांनी टाका तोडून पुढं जायच्या. तो आवाज मला सहन होईना. मी मागच्या दारी जाऊन बसले. मनात आलं, वर्षभर जे जपलं ते या बाईनं एका दुपारीत तुकडे करून ठेवलं. गठुडं बांधून त्या संध्याकाळच्या एसटीनं गेल्या. कपाटात नुसते हँगर लटकत होते. ते महिने फार वाईट गेले. मला त्यांचा फोन घ्यावासा वाटत नव्हता, आणि घेतला तरी दोन शब्दांच्या पलीकडे बोलावंसं वाटत नव्हतं.

थंडी पडू लागली तशी त्या गोधडी घेऊन आल्या. चादरीत बांधलेलं ओझं डोक्यावरून उतरवलं, गाठ सोडली आणि "बघ" म्हणाल्या.

ही गोधडी कशी आहे ते मला नीट सांगायचंय. पोटात आत्याबाईंची दोन जुनी नऊवारी लुगडी आणि माझ्या सासूबाईंचं एक, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. वरच्या अंगाला शर्ट. निळा चेक्स, करडा, बारीक रेघांचा पांढरा, एक मेंदी रंगाचा जो मला कधीच आवडला नव्हता. काठाला माझ्याच एका साडीची पट्टी, ती त्यांनी सासूबाईंकडून परस्पर मिळवली होती. सगळी हातानं शिवलेली, पांढऱ्या जाड दोऱ्याचा धावदोरा, कडेपासून सुरू होऊन चौकोन चौकोन करत आत जाणारा. टाके एकसारखे नाहीत. सुरुवातीच्या रांगा घट्ट आणि बारीक आहेत, मध्ये मध्ये टाका लांबतो. तिथं डोळे थकले असतील किंवा उजेड गेला असेल. एका जागी दोरा संपून नवा जोडलाय तिथं छोटी गाठ आहे, माझा अंगठा रात्री नेमका तिच्यावर जातो. आणि बरोबर मधोमध, छातीच्या उंचीवर येतील असे, निळ्या शर्टाचे दोन्ही खिसे त्यांनी न उसवता ठेवले आहेत. उघडे, हात जाईल असे. डाव्या खिशाच्या तळाशी पेनाच्या शाईचा डाग आहे. तो डाग घालवायला मी लिंबू चोळलं होतं, मीठ चोळलं होतं, त्यांच्यावर चिडले होते. बटणपट्टीही तशीच ठेवलीय, बटणांसकट. कॉलरच्या आतलं टेलरचं लेबल एका कोपऱ्यात शिवलंय.

मी त्या खिशात हात घातला आणि मग मला उभं राहता आलं नाही. आत्याबाई शेजारी बसल्या. पाठीवरून हात फिरवला नाही, समजूत घातली नाही. आपल्या लुगड्याच्या एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये माझं. मला कुनी एक बाही बी ठिवू दिली न्हाई गं. नायतर मी बी केली असती." एवढं बोलून त्या चहा टाकायला उठल्या.

त्या रात्री मुलगा गोधडीत शिरला आणि झोपेत त्याचा हात खिशात गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता तो दहावीला आहे, मिसरूड फुटलंय, बाकी कशाचीही त्याला लाज वाटते. पण हिवाळ्यात गोधडी त्याला लागतेच. पांघरताना कधीतरी विचारतो, हा रेघांचा कुठला? मग मी सांगते, हा तुझ्या मामाच्या लग्नातला. तेव्हा बाबा वरातीत इतके नाचले की पाठीवर उसवला, आणि बघ, ती उसवण आत्याआजीनं मुद्दाम वर ठेवलीय. हा करडा विहिरीवर मोटार बसवली तेव्हाचा. हा मेंदी रंगाचा तू त्यांच्या अंगावर उलटी केलीस तेव्हाचा. हो, घोरायचे. फार घोरायचे. कुशीवर वळवलं की थांबायचे. अशी एकेका कापडावरून एकेक गोष्ट निघते आणि त्याचे बाबा थोडे थोडे त्याच्याकडे येतात. मंचावरच्या भाषणांनी त्याला त्यांचा धाक वाटायला लागला होता. आठवी-नववीत एकदा म्हणाला होता, मला त्यांच्यासारखं कसं जमणार? मेंदी रंगाच्या शर्टातल्या माणसाचा त्याला तसा धाक वाटत नाही.

पलंगावर अंथरलेली असते म्हणून तिला डागही पडतात. चहा सांडलाय, तापातली औषधं सांडलीत. वर्षातून दोनदा मी ती घंगाळात भिजवते, पायांनी तुडवते आणि गच्चीवर वाळत घालते. पहिल्यांदा धुताना हात थरथरले होते, रंग गेला तर? आत्याबाईंना फोन केला. म्हणाल्या, "धू की. अंगावर घ्यायलाच दिलीय." काही टाके आता सुटलेत, बारीक रेघांचा पांढरा विरत चाललाय. तिथं मी माझ्या हातानं ठिगळ लावलं, माझे टाके वेडेवाकडे आहेत आणि लगेच ओळखू येतात. शोकेसमधलं सगळं आलं त्या दिवशी होतं तसंच आहे. गोधडी मात्र आमच्याबरोबर जुनी होतेय, आणि मला ते फार बरं वाटतं.

मी आत्याबाईंचे आभार कधी मानले नाहीत. घरात, आणि तेही त्यांच्या वयाच्या बाईपुढं, "आभारी आहे" म्हणायची आपल्याकडं पद्धतच नाही. दिवाळीला लुगडं नेते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जाते, नोव्हेंबरात दाखल्याच्या वेळी बरोबर जाते. रांगेत त्या माझा हात धरून उभ्या असतात. दोघींचे कागद एकाच पिशवीत. तिथला कारकून विचारतो, कोण लागता तुम्ही एकमेकींच्या? आत्याबाई म्हणतात, "लेक हाय." मी दुरुस्त करत नाही. पण हे सगळं केलं तरी काहीतरी द्यायचं राहिलंच आहे असं वाटतं. एकदा मनात आलं होतं की त्यांच्यासाठीही एक शिवावी. पण कशाची? त्यांच्या माणसाचं बोटभर कापड कुठं उरलेलं नाही. तो शर्ट कुठल्या रंगाचा होता हे मी एकदाच विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं, "पांढरा. बारीक निळी काडी." पन्नास वर्षांनंतर, एका क्षणात.

त्या बातमीदार मुलीचा प्रश्न मी शेवटी आत्याबाईंनाच विचारला. फोनवर. म्हटलं, तेव्हा तुम्ही वर्दी का नाही हो घेतली? शोभली असती, लोकांना कळलंही असतं. पलीकडं बराच वेळ नुसता रेडिओ वाजत होता. मग म्हणाल्या, "वर्दीला लई जन हायत सांभाळायला. त्या शर्टास्नी कोन व्हतं?"

गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातला एक जवान गेला. बायको वयानं अगदी लहान आहे. सैनिक कल्याण कार्यालयात तिची माझी ओळख झाली. फॉर्म भरायला मी मदत केली, नंबर घेतला. परवा रात्री तिचा फोन आला, आवाज अगदी बारीक. पेटी आली होती. सामानाच्या यादीत घड्याळ, दाढीचं सामान, कंबल आणि "शर्ट सिव्हिल" असं लिहिलेलं, आणि तिचे सासरे म्हणत होते, कपडे देऊन टाकू, घरात बघवत नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. मुलाचा शर्ट खुंटीवर बघणं कुठल्या बापाला झेपेल? मी तिला सांगितलं, सासऱ्यांशी भांडू नकोस. पण शर्ट देऊ नकोस. धुऊही नकोस आत्ता. गठुडं बांधून माळ्यावर टाक, त्यांच्या डोळ्यांसमोर नको. वास आहे तोवर तुझ्याजवळ ठेव, आणि वास गेला की मला फोन कर. वर्ष लागेल, दोन लागतील. घाई नाही.

तिनं विचारलं, "तुमच्या आत्याबाई शिवतील?" त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक काम जमत नाही. पण परवा मी सांगितल्यापासून त्यांनी पेटीतून आपलं आणखी एक लुगडं काढून धुऊन ठेवलंय, पोटात घालायला. ओवून मी देईन. कात्री कुणी चालवायची ते अजून ठरलेलं नाही. ती पोरगी मागच्या दारी जाऊन बसली तर तिच्याजवळ बसायलाही कुणीतरी लागेल.